काळा दगड, पांढरं आभाळ

मराठवाड्यात हौसेनं फोटो काढणाऱ्याला सगळ्यात आधी जुळवून घ्यावं लागतं ते काळ्या दगडाशी आणि पांढऱ्या आभाळाशी. देगलूर तालुक्यातलं होट्टलचं सिद्धेश्वराचं देऊळ घ्या, मुखेडचं दशरथेश्वर घ्या, नाहीतर निलंग्याचं नीलकंठेश्वर. चालुक्यांच्या काळातली ही देवळं. दगड काळा, मंडप ठेंगणे, गाभारे अंधारे, आणि बाहेर चैत्राचं ऊन असं की अंगणाकडे पाहताना डोळे मिटावेत. आत जाऊन थोडा वेळ उभं राहिलं की डोळ्यांना हळूहळू सगळं दिसू लागतं. द्वारशाखेवरची वेलबुट्टी दिसते, खांबावरचं छिन्नीचं काम दिसतं, आणि मान वळवली तर दारातून बाहेरचा कडुनिंबही दिसतो. कॅमेऱ्याला हे एका दमात जमत नाही. तो दगड तरी देतो, नाहीतर आभाळ.

ही अडचण आकड्यांत सांगता येते. प्रकाश दुप्पट झाला की फोटोग्राफीत एक स्टॉप वाढला म्हणतात. दहा स्टॉप म्हणजे हजारपट. दुपारच्या आभाळात आणि गाभाऱ्याच्या कोपऱ्यात तेवढा, कधी त्याहून जास्त फरक असतो. छापील कागदावर जेमतेम सहा-सात स्टॉप मावतात. उरलेलं कुठून कापायचं, वरून की खालून, हे फोटो काढणाऱ्यानं ठरवायचं. आज ज्याला एचडीआर म्हणतात, म्हणजे एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो घेऊन त्यांतून एक तयार करायचा, ते तंत्र या कापाकापीतून सुटण्यासाठी निघालं. त्याला जेमतेम तीस वर्षं झाली. मूळ झगडा मात्र फोटोग्राफीइतकाच जुना आहे. आमच्या नांदेड-लातूरच्या दृश्यांपैकी काय टिकलं आणि काय गेलं, हे बऱ्याच अंशी त्या झगड्यानं ठरवलं, असं माझं मत आहे.

मुंबईत ही कला लवकर आली. १८५४ मध्ये तिथं फोटोग्राफिक सोसायटी निघाली, पाठोपाठ एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये वर्ग सुरू झाला. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे आपले लोक त्या पहिल्या पिढीत होते. आमचा मुलूख निजामाचा. इथं कॅमेरा आला तो पुराणवस्तूंच्या मागं. अजिंठ्याला रॉबर्ट गिल आधी चित्रं रंगवत होता. १८५० नंतरच्या दशकात त्यानं कॅमेरा हाती घेतला आणि १८६४ मध्ये त्याच्या ७४ फोटोंसह फर्ग्युसनचं लेण्यांवरचं पुस्तक निघालं. पुढं १८७५-७६ च्या हंगामात जेम्स बर्जेस पुरातत्त्वाच्या पाहणीसाठी निजामाच्या मुलखात फिरला. १८७८ मध्ये लंडनहून निघालेल्या त्याच्या अहवालात धाराशिवच्या लेण्यांबरोबर औसा तालुक्यातल्या खरोशाच्या लेण्यांचीही नोंद आहे. लातूरहून मोटारसायकलनं सकाळी निघून दुपारी परत येण्याजोगं हे ठिकाण. जांभ्या दगडात कोरलेली, रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची लेणी. आजही तिथं रविवारी चार माणसं भेटली तर भेटली.

त्या काळी फोटो काढणं म्हणजे काय होतं, हे डोळ्यांसमोर आणून बघा. काचेवर कलोडियनचा पातळ थर द्यायचा, अंधाऱ्या तंबूत ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच परत तंबूत नेऊन धुवायची. थर वाळला की काच वाया. मराठवाड्यात फेब्रुवारी उलटल्यावर काय वाळायचं राहतं? शिवाय त्या काचेला निळा रंग फार लवकर दिसायचा आणि तांबडा जवळजवळ दिसायचाच नाही. त्यामुळं आभाळ पांढरं फटक आणि खरोशासारखा तांबूस दगड काळा ठिक्कर. आपल्या भागातले जुने फोटो पाहताना आभाळाच्या जागी कोरा कागद दिसतो तो यामुळं. ढग तेव्हाही होते, काचेवर ते उमटत नव्हते.

यावर तोड काढणारा पहिला नामवंत माणूस फ्रान्समधला गुस्ताव्ह ल ग्रे. १८५६-५७ च्या सुमारास त्यानं समुद्राची दृश्यं घेताना पाण्यासाठी एक आणि आभाळासाठी एक अशा दोन वेगळ्या काचा वापरल्या आणि दोन्ही एकाच कागदावर छापल्या. लोक ते पाहून थक्क झाले. आज मोबाइल जे करतो त्याचं मूळ तिथं आहे. आमच्याकडे लेण्यांत कुणी अशा दोन काचा जोडल्याचं मला कुठं आढळलं नाही. आमच्याकडची तोड साधी होती. अजिंठा-वेरूळला लेण्यातली माणसं दारात आरसा नाहीतर चकचकीत पत्रा धरून ऊन आत भिंतीवर टाकायची. मी स्वतः हे लहानपणी पाहिलंय. बाहेरचा उजेड कमी करता येत नाही तर आतला वाढवा. विचार अगदी बरोबर होता.

राजा दीनदयाळ हे निजामाच्या मुलखातलं सगळ्यात मोठं नाव. जन्म १८४४, मेरठजवळ सरधन्याचा, रुरकीत शिकलेले. १८८० नंतरच्या दशकात सहाव्या निजामाचे, महबूब अली खानांचे, ते दरबारी छायाचित्रकार झाले. सिकंदराबाद, हैदराबाद आणि मुंबई इथं त्यांचे स्टुडिओ होते. हैदराबादेत तर पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ होता, तो एक इंग्रज बाई चालवायच्या. त्यांच्या अडीच हजारांहून जास्त काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेवलेल्या आहेत. दीनदयाळांचा उजेडावरचा ताबा पाहिला की हात जोडावेसे वाटतात. दिवाणखान्यातली झुंबरं, खिडकीतला उजेड आणि सावलीतले चेहरे एकाच काचेत त्यांनी सांभाळले. पण त्यांच्यासमोर बसले ते नवाब, जहागीरदार, लाटसाहेब, पलटणी. औरंगाबाद-वेरूळला त्यांचा कॅमेरा गेला. नांदेडची, औशाची, उदगीरची रयत त्याच निजामाला सारा भरत होती, ती त्या काचांत शोधून सापडत नाही.

पुढं १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानानं आपलं पुरातत्त्व खातं काढलं आणि गुलाम याझदानींनी अजिंठ्यावर चार भागांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याचा पहिला भाग १९३० चा, शेवटचा १९५५ चा. संस्थानच संपलं तरी काम पुरं झालं! अंधाऱ्या लेण्यांतली रंगीत चित्रं फोटोच्या आधारानं इतकी नीट छापणं हे त्या काळातलं फार मोठं काम होतं, आणि ते सरकारी खात्यानं केलं याचा मराठवाड्यानं अभिमान धरावा. मात्र खर्च झाला तो अजिंठ्यावर. होट्टलच्या सुरसुंदरी आणि कंधारच्या राष्ट्रकूटकालीन क्षेत्रपालाचे अवाढव्य अवशेष अशा तोडीच्या ग्रंथाला मुकले.

आता हौसेकडे येतो. नांदेडला रेल्वे हैदराबादच्या बाजूनं आली, लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज गाडी आली. याचा फोटोग्राफीशी संबंध आहे. कागद, रसायनं, रोल हे सगळं पार्सलनं यायचं. नांदेडच्या स्टुडिओवाल्यांचा ओढा हैदराबादेकडे असायचा, लातूरच्यांचा सोलापूर-पुण्याकडे. माझं गाव नांदेड, नोकरी बँकेतली आणि तिची बरीच वर्षं लातूरला गेली. त्यामुळं दोन्हीकडच्या डार्करूममध्ये मी उभा राहिलोय. वजिराबादेतल्या एका स्टुडिओत मी शाळेपासून जायचो. तिथल्या मालकांना सगळे मास्तर म्हणायचे. पडद्यावर रंगवलेला राजवाडा, लाकडी कठडा, दोन मोठे दिवे. त्या काळी स्टुडिओ का चालायचे? घरात कॅमेरा नव्हता हे एक कारण झालं. दुसरं कारण उजेडाचं. बाहेर उन्हात डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडायच्या, घरात तर काहीच उमटायचं नाही. तोंडावर सारखा उजेड हवा तर स्टुडिओत जायलाच हवं.

मास्तरांकडे मी सिद्धेश्वराच्या गाभाऱ्याचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, “अहो, दाराकडं बघून माप घेतलं तर देव जातो, देवाकडं बघून घेतलं तर दार जातं. आपण देवाचं माप घ्यावं, दाराचं डार्करूममध्ये बघू.” ते कसं बघायचं हे त्यांनी दाखवलं. लाल दिव्याखाली एनलार्जरचा उजेड कागदावर पडला की ते तारेच्या टोकाला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती अंधाऱ्या भागावर धरायचे आणि हात सतत हलता ठेवायचे, नाहीतर कागदावर चकतीची कड उठते. चकतीखालचा भाग कमी उजेड खातो आणि उजळ राहतो. मग पूर्ण पुठ्ठ्याला पाडलेल्या भोकातून दाराकडच्या भागाला आणखी पंधरा-वीस सेकंद उजेड द्यायचे. मोजणी तोंडानं चालायची. कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये गेला की आधी खांब वर यायचे, मग पिंडी, आणि सगळ्यात शेवटी दारातल्या कडुनिंबाच्या फांद्या. तो फोटो माझ्याकडे आहे. संगणकात आज ज्या क्रियेला टोन मॅपिंग म्हणतात, ती मी पहिल्यांदा मास्तरांच्या हातात पाहिली.

घरोघरी कॅमेरा आला तो आगफा क्लिक थ्रीच्या रूपानं. १२० चा रोल, बारा फोटो. उन्हासाठी एक खूण, ढगासाठी एक खूण, बाकी हाती काही नाही. घरातला फोटो त्यात यायचाच नाही. म्हणून साठ-सत्तरच्या दशकातले आमच्याकडचे घरगुती फोटो पाहा: सगळी माणसं अंगणात, ओसरीच्या कडेला नाहीतर गच्चीवर उभी आहेत. पाठीमागं दार उघडं असतं आणि दारात काळोख. आत चूल होती, उतरंड होती, भिंतीत बळद होतं, दिवळीत दिवा होता. फोटोत तो निव्वळ काळा चौकोन आहे.

त्या काळ्या चौकोनाची किंमत मला १९९३ मध्ये कळली. अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन आटोपून गावं झोपलेली. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली. घरं माळवदाची होती. दगड-मातीच्या हात-दोन हात जाड भिंती, वर लाकडाच्या खणांवर मातीचा जाड थर, उजेडाला माळवदातलं साणं आणि एखादी खिडकी. उन्हाळ्यात अशा घरात पाय टाकला की जीव निवायचा. तीच माती आणि तेच दगड माणसांवर कोसळले. मी तेव्हा लातूरला होतो. पुढच्या महिन्यांत मी जिथं रोल धुवायला द्यायचो त्या स्टुडिओत माणसं यायची, हातात ढिगाऱ्यातून काढलेला एखादा ग्रुप फोटो. लग्नातला, नाहीतर शाळेतला. त्यातल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणायची, एवढा मोठा करून द्या. स्टुडिओवाला कॉपी स्टँडवर तो सुरकुतलेला कागद काचेखाली दाबून धरायचा, भेगांवर ब्रशनं रंग भरायचा. पैसे घेताना मी त्याला पाहिलं नाही.

चेहरे असे वाचले. घरांचं काय? बावन्न गावं नव्या जागी वसली, सिमेंटची, सरळ रस्त्यांची. जुन्या गावांतल्या घरांचे आतले फोटो मी तेव्हापासून विचारत आलोय. बाहेरून काढलेले मिळतात, पडल्यानंतरचे ढीगभर मिळतात. माजघर, देवघर, साण्यातून खाली येणारी उन्हाची तिरीप यांचे फोटो माझ्या पाहण्यात आलेले नाहीत. काढता आले नसते असं मुळीच नाही. तिपाई लावून अर्धा मिनिट शटर उघडं ठेवलं असतं तर रोलवरही उमटलं असतं. पण रोल महाग, अंधाऱ्या खोलीत फोटो कशाला वाया घालवायचा, असं सगळ्यांना वाटायचं. रोजच्या घरात फोटो काढण्यासारखं काही असतं, हेच मनात येत नव्हतं.

परदेशात मात्र अंधार आणि उजेड एकाच फोटोत सांभाळण्याच्या प्रश्नावर काम चालू होतं. चार्ल्स वायकॉफ यानं अणुस्फोटांच्या चाचण्या टिपण्यासाठी तीन थरांची फिल्म बनवली होती. एक थर मंद, एक मध्यम, एक तेज. जे एकात जळेल ते दुसऱ्यात उरेल. १९९५ मध्ये मान आणि पिकार्ड यांनी कमी-जास्त उजेडाचे डिजिटल फोटो एकत्र करण्याची रीत मांडली. १९९७ मध्ये पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी अशा फोटोंच्या मालिकेवरून दृश्यातला खरा उजेड मोजून काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. २००५ मध्ये फोटोशॉपमध्ये त्याची सोय आली आणि ती आमच्यासारख्या हौशी लोकांपर्यंत पोचली. २०१० पासून आयफोन ते स्वतःच करू लागला.

आता होट्टलला हे कसं करतो ते सांगतो. मंडपात तिपाई, लेन्स गाभाऱ्याच्या दाराकडे अशी तिरकी की डाव्या कडेला बाहेरचं अंगणही यावं. आयएसओ १००, ॲपर्चर एफ ८, फोकस हातानं लावून बंद. मग फक्त वेळ बदलायची: सेकंदाचा २५० वा भाग, मग ६० वा, १५ वा, चौथा, आणि शेवटी पूर्ण एक सेकंद. प्रत्येक वेळी उजेड साधारण चौपट. पहिल्या फोटोत फक्त अंगण आणि आभाळाचा निळा तुकडा, बाकी काळं. तिसऱ्यात खांबांची गोलाई. पाचव्यात दार पांढरं जळून गेलेलं, पण चौकटीवर साचलेलं तेल आणि काजळी, शेंदराचे थर आणि छिन्नीच्या तिरप्या रेघा स्पष्ट. पहिल्या आणि शेवटच्या फोटोत आठ स्टॉपचं अंतर, म्हणजे २५६ पट. पाचही संगणकात एकावर एक बसतात. वारा असेल तर कडुनिंबाच्या पानांची भुतं होतात, कुणी दर्शनाला आलं तर एकच माणूस तीन ठिकाणी दिसतो. म्हणून भाविक आले की थांबायचं. देऊळ त्यांचं आहे.

इथं एक गोष्ट परखडपणे सांगायला हवी. या तंत्राचा आमच्या भागात जितका उपयोग झाला तितकीच नासाडीही झाली. मधली काही वर्षं अशी गेली की नांदेडचा सचखंड असो की उदगीरचा किल्ला, प्रत्येक फोटोत आभाळ वादळी, कळसाभोवती पांढरी प्रभावळ आणि दगड जांभळट. दृश्यात सावली उरूच नये असा हट्ट. सावली काढून टाकली की कोरीवकाम सपाट होतं, कारण मूर्तीची खोली आपल्याला सावलीवरूनच कळते. खरोशाचा जांभा केशरी करून टाकलेले फोटो मी प्रदर्शनांत पाहिलेत. ज्यानं खरोसा पाहिलं नाही तो तेच खरं धरून चालेल. मोबाइलचं तर आणखी वेगळं आहे. तो न विचारता आठ-दहा फोटो घेतो, एक बनवून देतो आणि मूळ फोटो टाकून देतो. लग्नाकार्याला ते छान आहे. नोंद म्हणून मला तेवढं पुरत नाही, कारण यंत्रानं कुठं काय उजळलं हे पुन्हा तपासता येत नाही.

मला या छंदाचं मोल वाटतं ते नोंदीसाठी. गेल्या काही वर्षांत होट्टलच्या देवळांची दुरुस्ती झाली, तिथं दर वर्षी महोत्सव होतो, लोक येतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण दुरुस्तीआधी कुठला दगड कुठं होता, कुठल्या खांबाला कुठं तडा होता, हे उद्या कुणी विचारलं तर अहवालांबरोबर हौशी माणसांचे फोटोही कामाला येतील. आतले, अंधारातले, नीट उजेड सांभाळलेले. नांदेड-लातूरच्या सरकारी खात्यांकडे प्रत्येक देवळासाठी, प्रत्येक वाड्यासाठी छायाचित्रकार पाठवण्याइतकी माणसं नाहीत. रविवारी मोकळी असलेली, तिपाई असलेली माणसं आपल्या दोन्ही शहरांत भरपूर आहेत.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. कंधार, देगलूर, मुखेड, औसा, निलंगा, उदगीर, कुठंही तुमच्या माहितीत माळवदाचं घर अजून उभं असेल तर घरच्यांना विचारून आत जा. फ्लॅश वापरू नका. तिपाई लावा आणि माजघर, बळद, दिवळ्या, साण्याखालची जागा यांचे कमी-जास्त उजेडाचे पाच-पाच फोटो घ्या. जोडलेल्या फोटोबरोबर मूळ पाचही फाइली ठेवा, आणि फाइलच्या नावात गाव, तालुका, खोली आणि तारीख लिहा. एक प्रत कागदावर छापून त्या घरात द्या, दुसरी गावच्या शाळेत. हे काम या पावसाळ्याआधी करा. माळवदं पावसात पडतात.